रोड बाईकची चाकं बांधून घ्यायची आहेत : रिम कोणती, तारा कोणत्या?

पेडलपंढरी :

नमस्कार मंडळी,

माझ्या रोड बाईकला कंपनीकडून आलेली चाकं आता सेवानिवृत्त करायची वेळ आली आहे. मागच्या रिमची ब्रेक घासतो ती बाजू बोट फिरवलं तरी आत गेलेली कळते. शिवाय मागच्या चाकाच्या तारा एकीमागून एक तुटायला लागल्यात. एक बदलली की महिन्या-दीड महिन्यात शेजारची जाते.

तयार जोडी घेण्यापेक्षा या वेळी चाकं बांधून घ्यावीत असं डोक्यात आहे. माहिती अशी : माझं वजन ८८ किलो, सामान धरून नव्वदीच्या पुढे. मुक्काम पुणे. शनिवार-रविवार सिंहगड, कात्रज, खंबाटकी. २०० आणि ३०० किमीच्या ब्रेव्हे (ठराविक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) झाल्यात, पुढच्या हंगामात ६०० करायची आहे. बाईक रिम ब्रेकची, ११ स्पीड, मागच्या चाकासाठी फ्रेममधलं अंतर १३० मिमी. सध्या २५ मिमीचे टायर आहेत, २८ चे बसवायचेत. शिमानो १०५ चे ३२ भोकांचे हब (चाकाचा मधला भाग, जिथून तारा निघतात) घेऊन ठेवलेत.

रिममध्ये डीटी स्विसची आर ४६०, त्यांचीच आरआर ४११, एच प्लस सनची आर्किटाइप आणि मॅव्हिकची ओपन प्रो अशी नावं वाचनात आली. तारांचं मात्र काहीच कळत नाही. माझा साधा हिशोब : जाड माणूस, जाड तारा. सगळ्या २ मिमीच्या सरळ (टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीच्या) तारा भरून टाकाव्यात. बरोबर ना? आणि निप्पल (तार रिमला आवळणारे छोटे नट) ॲल्युमिनियमचे घेऊ का? रंगीत मिळतात.

फुकटसल्ला :

आधी ६०० करा. वजन उतरेल, मग जुनीच चाकं पुरतील.

घाटवाला_नाशिक :

आर ४६० डोळे झाकून घ्या. रिमच्या आतली रुंदी १८ मिमी आहे, २८ चा टायर छान बसतो. वजन नावाप्रमाणे साधारण ४६० ग्रॅम, म्हणजे हलकी नाही, पण कसारा घाटात वर जाताना तेवढ्यानं काही बिघडत नाही. जुनी ओपन प्रो आतून १५ मिमीच होती. त्यावर २८ चा टायर चढतो, पण वळणावर डुलतो. नवीन ओपन प्रो रुंद आहे, त्यामुळे त्या नावाची रिम घेताना कोणत्या पिढीची ते बघून घ्या. दुकानदार दोन्हीला एकच नाव सांगतात.

तारांमध्ये माझी गती नाही. जाणकार येतीलच.

कार्बनकुमार :

२०१० सालचा धागा वाचतोय असं वाटलं. एवढा खर्च करताच आहात तर ५० मिमीची कार्बन रिम घ्या, २० तारा पुढे, २४ मागे. वारा कापत जाल.

तेलकट_हात :

ठाण्यात घरच्या गॅलरीत मित्रमंडळींची चाकं बांधून देतो. धंदा नाही, खाज आहे. थोडं सविस्तर लिहितो.

पेडलपंढरी, तुमचा हिशोब उलटा आहे. तार ताणून तोडायला चाकात असतो त्याच्या दुपटीहून जास्त जोर लागतो. म्हणजे वजनामुळे खेचली जाऊन कुठलीच तार तुटत नाही. ती तुटते दमून. चाक फिरताना प्रत्येक तार जमिनीकडे आली की सैल पडते, वर गेली की पुन्हा ताठ होते. दर फेरीला हेच. हबच्या कडेत जिथे डोकं अडकतं, त्या वाकापाशी हळूहळू चीर जाते आणि एके दिवशी टण्ण. तुमच्या तुटलेल्या तारा पाहा, बहुतेक तिथेच तुटलेल्या सापडतील.

म्हणून मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड अशी तार घ्यावी. डीटीची कॉम्पिटिशन किंवा सापिमची रेस, दोन्ही २–१.८–२. टोकाला पूर्ण जाडी राहते आणि मधला भाग थोडा लवचिक असल्यानं धक्का तिथे जिरतो, वाकापर्यंत कमी पोचतो. वजन वाचतं हा वरचा फायदा.

निप्पल पितळी. रंगीत ॲल्युमिनियमचे घेऊन चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम वाचतात, तेवढं पाणी तुम्ही बाटलीत जास्त भरता.

आणि रिम? रिम ब्रेकच्या बाईकवर रिम ही टायरसारखीच झिजणारी वस्तू आहे. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात वाळूचे कण रुततात आणि ॲल्युमिनियम किसलं जातं. जी रिम झिजूनच जाणार तिच्यावर पैसा ओतू नका. हब आणि तारा चांगल्या घ्या, रिम साधी घ्या, जी दोन-तीन वर्षांनी पुन्हा मिळेल. त्याच मापाची रिम मिळाली तर जुनी-नवी शेजारी शेजारी चिकटपट्टीनं बांधायच्या आणि एकेक तार या भोकातून त्या भोकात सरकवायची. तारा त्याच राहतात. माझ्या स्वतःच्या बाईकवर एकाच तारांनी तीन रिम पाहिल्यात.

रात्रपाळी :

कार्बनकुमार, वरंधा घाट पावसात रिम ब्रेकच्या कार्बन रिमवर उतरलायत का कधी? पहिल्या वळणाला ब्रेक दाबायचा, दुसऱ्या वळणाला लागतो. कोरड्यात उलटी अडचण. नव्वद किलोचा माणूस लांब उतारावर ब्रेक धरून राहिला की उष्णता रिममध्ये साठते. ॲल्युमिनियम ती बाहेर फेकतं, कार्बनमधल्या रेझिनला ती सोसत नाही. डिस्क ब्रेक असते तर मी गप्प बसले असते.

दुसरं, ब्रेव्हेला २० तारांचं चाक नकोच. ४०० च्या ब्रेव्हेत माझ्या पुढे असलेल्या एकाची वाई फाट्याच्या आसपास मागची एक तार गेली. तारा कमी असल्यानं एका तारेनं चाक एवढं वाकडं झालं की फ्रेमला घासायला लागलं, फिरेचना. पहाटेचे तीन. ३२ तारांच्या चाकात एक गेली तर ब्रेक थोडा सैल सोडायचा, तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळायची आणि निघायचं.

कार्बनकुमार :

@रात्रपाळी, ताई, घाटाचा मुद्दा मान्य. पण सपाटीवर तरी वाऱ्याचा फायदा नाकारू नका. ताशी ३५ नं जाताना फरक कळतो.

फुकटसल्ला :

सामान घेऊन ताशी ३५? ब्रेव्हेला की ट्रकच्या मागे धरून?

मालवणी_वारा :

आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या रस्त्याला दुपारी जो वारा सुटतो त्यात ५० मिमीची रिम म्हणजे पुढचं चाक कुणीतरी हातानं ढकलतंय असं वाटतं. मी विकून टाकली.

बाकी निप्पलबद्दल तेलकट_हात यांना शंभर टक्के अनुमोदन. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचं निप्पल आणि स्टीलची तार यांची गाठ बसते ती सुटतच नाही. आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायला पाना लावला की निप्पलचे कोपरे झिजतात, तार मात्र जागची हलत नाही. ट्युबलेसचं द्रावण आत झिरपलं तरी तेच. पुण्यात खारी हवा नाही हे खरं, पण तुम्ही ६०० करताना कोकणात उतरणारच.

रॅलेवाले_काका :

तुम्हा मुलांच्या गप्पा वाचतोय. गंमत वाटते. आमच्या काळी मोठ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा. विलायती पद्धत होती ती आणि आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी तशीच उचलली. साताऱ्यात दूधवाले मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून बारा-पंधरा मैल यायचे. तार तुटली म्हणून कुणाचं दूध नासलं नाही. भार मागे जास्त पडतो एवढी साधी गोष्ट आहे. तुम्ही पुढे-मागे सारख्या तारा लावता आणि मग मागच्या तुटल्या म्हणून धागे काढता.

आमचा मिस्त्री चिमट्याला खडू धरायचा, चाक फिरवायचा, जिथे खडू लागला तिथली तार सैल आणि समोरची घट्ट. झालं. तुमचे ताण मोजायचे घड्याळवजा यंत्र वगैरे नव्हतं.

तेलकट_हात :

काका, मागे जास्त तारा हे तत्त्व सोळा आणे खरं. आजही पुढे २८, मागे ३२ करतात ते त्याचसाठी. आणखी एक फरक आहे. त्या सायकलींना मागे एकच चक्री होती, त्यामुळे रिम जवळपास हबच्या मधोमध असायची आणि दोन्हीकडच्या तारांना ताण सारखाच. आता उजवीकडे अकरा चक्र्या रचायच्या म्हणजे हबची उजवी कड आत सरकते. उजव्या तारा जवळजवळ उभ्या, डाव्या तिरक्या. रोगाचं मूळ तिथे आहे.

खडूबद्दल : खडूनं आऊट निघतो, ताण सारखा होत नाही. सरळ दिसणाऱ्या चाकातही एक तार कडक आणि शेजारची ढिली असू शकते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मायक्रोमीटर :

पिंपरीत यंत्रांच्या रेखाटनांवर पोट आहे, त्यामुळे आकडे टाकल्याशिवाय राहवत नाही.

तार २९० मिमी लांब धरू. उजव्या बाजूचा ताण १००० न्यूटन, म्हणजे ढोबळमानानं १०० किलो. एवढ्या ताणाला २ मिमीची तार सुमारे ०.४६ मिमी ताणली जाते, १.८ ची ०.५७ आणि १.५ ची ०.८२. टोकांची जाडी सोडून दिली आहे.

आता डावी बाजू. कडांची अंतरं समजा मध्यापासून उजवीकडे १८ आणि डावीकडे ३७ मिमी असली तर डावीकडचा ताण उजवीच्या निम्म्याच्याही जरा खाली बसतो. रिम मध्यावर राहायची तर दुसरा इलाज नाही. ५०० न्यूटन धरा. २ मिमीची तार त्यात फक्त ०.२३ मिमी ताणलेली असते, १.५ ची ०.४१. खड्ड्यात चाक आदळलं आणि खालच्या भागात रिम ०.२३ मिमी आत दबली, की जाड तार पूर्ण सैल. बारीक तारेत अजून चाळीसेक टक्के ताण उरलेला असतो. सैल झालेली तार डोक्यापाशी हलते, निप्पल आपोआप फिरायला मोकळं होतं, चाक आऊट जातं.

म्हणजे पेडलपंढरींच्या मागच्या चाकात डावीकडे जाड तारा भरणं हा सगळ्यात वाईट पर्याय. डावीकडे १.५ ची, म्हणजे डीटी रेव्होल्यूशन किंवा सापिम लेझर, आणि उजवीकडे १.८ ची.

याहून मोठा फायदा आरआर ४११ च्या असममित रूपात आहे. तिच्यात तारांची भोकं मध्यावर नसून एका बाजूला सरकवलेली असतात. समजा सरकवणं पावणेतीन मिमीचं आहे, तर वरचे १८ आणि ३७ जवळपास २१ आणि ३४ होतात. डावा ताण निम्म्यावरून साठ टक्क्यांच्या वर जातो.

पेडलपंढरी :

बाप रे. म्हणजे कंपनीच्या चाकात डावीकडे ढिल्या तारा होत्या म्हणून तुटल्या? माझ्या आठवणीत तरी तुटलेल्या सगळ्या कॅसेटच्या (मागच्या चक्र्यांच्या संचाच्या) बाजूच्या आहेत.

मायक्रोमीटर :

गणिताप्रमाणे डावीकडच्या तुटायला हव्यात.

तेलकट_हात :

गणित तुमचं बरोबर, पण माझ्याकडे येणाऱ्या चाकांत उजवीकडच्याही भरपूर तुटलेल्या असतात. कधीतरी चेन मोठ्या चक्रीवरून उडून तारा आणि कॅसेटच्या मध्ये पडते आणि वाकापाशी तारांना ओरखडे काढते. तो ओरखडा म्हणजे चिरेला आयतं दार. पेडलपंढरी, कॅसेट काढा आणि उजव्या तारांच्या वाकाकडे बॅटरी मारून बघा. करवतीनं घासल्यासारख्या खुणा असतील तर गुन्हेगार चेन आहे. डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) आतल्या बाजूचा स्क्रू नीट लावून घ्या, नाहीतर नवीन चाकातही तेच होणार.

पेडलपंढरी :

काढून पाहिलं. खुणा आहेत. चार-पाच तारांवर ठळक. दुकानात गिअर लावून घेतले तेव्हा एकदा चेन आत गेली होती, हे आत्ता आठवलं.

फुकटसल्ला :

म्हणजे धागा संपला? नवीन चाकं नकोत, स्क्रू पिळा.

पेडलपंढरी :

रिम झिजलीय हो! चाकं हवीतच.

पेटीवाला_मिरज :

अवांतर वाटेल, पण आहे विषयाचंच. आमच्या गावात तंबोरे-सतारी बनतात, त्यामुळे तारेचा ताण म्हटलं की हात आधी कानाकडे जातो. ताण मोजायचं यंत्र नसेल तर तार छेडा. एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात लागल्या पाहिजेत. जी उतरलेली ती ढिली, जी चढलेली ती कडक. पट्टी कोणती याला महत्त्व नाही, कारण गुंफलेली तार दुसरीला टेकते आणि सूर वेगळाच निघतो.

मायक्रोमीटर यांचे आकडे वाचून हिशोब केला. दोन्हीकडे तार सारखीच आणि डावा ताण बरोबर निम्मा असेल, तर डावीकडे षड्ज धरला की उजवीकडे तीव्र मध्यम लागतो. चाक बांधणाऱ्यांना यमन येत असेल तर काम सोपं.

रॅलेवाले_काका :

मिस्त्री तार टिचकीनं वाजवायचा खरा. आम्हाला वाटायचं सवय आहे.

फुकटसल्ला :

६४ तारा आहेत. अजून ३६ लावल्या की संतूर.

ट्युबिंगेनकर :

उशिरा येतोय, पण एक महत्त्वाचं राहिलंय. ६०० ला ४० तास मिळतात, म्हणजे निदान एक रात्र रस्त्यावर, बहुधा दोन. पुढच्या हबचा विचार तेव्हाच करा. मी राहतो त्याच गावात श्मिट यांचा झोन डायनॅमो हब (चाक फिरताना दिव्यासाठी वीज तयार करणारा) बनतो आणि इथले लांब पल्ल्याचे बहुतेक लोक तोच किंवा शिमानोचा डायनॅमो वापरतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या मोठ्या ब्रेव्हेला २०२३ मध्ये रांबुये गावात सुरुवातीच्या रांगेत उभं राहून चाकं न्याहाळली होती. तिथे १२०० किमीला ९० तास असतात, आणि लोकांची पसंती पाहिली तर दिखाऊ फार थोडी. ३२ तारांची ॲल्युमिनियमची चाकं ढिगानं होती.

पुढचं चाक एकदा १०५ च्या हबवर बांधलं आणि वर्षानं डायनॅमो घ्यावासा वाटला, तर त्याच्या कडा मोठ्या असल्यानं तारांची लांबी बदलते. सगळ्या तारा नव्या घ्याव्या लागतात.

घाटवाला_नाशिक :

डायनॅमोची किंमत बघून मी पॉवर बँकेवर खूश आहे. नाशिकला रात्रीच्या राईडला पाच तासांची बॅटरी आणि एक जादा पुरते.

रात्रपाळी :

घाटवाला, भर पावसात थंडगार बोटांनी पॉवर बँकेची पिन लावून दाखवा, मग बोलू. पण पेडलपंढरींच्या पहिल्या ६०० साठी डायनॅमो गरजेचा नाही, हे मात्र मान्य.

कार्बनकुमार :

पुढच्या चाकाला तरी तारा सरळ, न गुंफता लावा. दिसायला भारी आणि हलकं.

तेलकट_हात :

नको. सरळ तार हबच्या कडेला बाहेरच्या दिशेनं खेचते आणि पातळ कड भोकापाशी फाटू शकते. बऱ्याच हब बनवणाऱ्यांनी त्याला मनाईच केली आहे. ३२ तारांना तीन छेद (प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना ओलांडते), पुढे आणि मागे. तार कडेला स्पर्शरेषेत निघते आणि पायाचा जोर नीट पोचतो.

बांधताना दोन गोष्टी विसरू नका, कारण महागड्या तारांचं मातेरं इथेच होतं. एक, बारीक तार पान्याबरोबर पिळली जाते. निप्पल पाऊण फेरी फिरवलंत असं वाटतं, प्रत्यक्षात अर्धीच फिरते आणि उरलेला पीळ तारेत बसतो. पहिल्या राईडला चाकातून टिकटिक आवाज येतो तो पीळ सुटल्याचा, आणि त्याबरोबर चाक आऊट. म्हणून थोडं पुढे फिरवून तेवढंच मागे आणायचं. तारेवर कागदी चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावला की पीळ डोळ्यांना दिसतो.

दोन, ताण आल्यावर समांतर तारांच्या जोड्या हातात धरून जोरात आवळायच्या. हातमोजे घाला. वाक हबच्या कडेला घट्ट चिकटतो आणि तारेत बनवतानाचा जो अंतर्गत ताण राहिलेला असतो तो निघतो. हे न केलेल्या चाकाच्या तारा लवकर तुटतात, मग त्या कोणत्याही कंपनीच्या असोत. आवळून झालं की पुन्हा आऊट बघायचा.

आट्यांना तेल लावायला विसरू नका. जुने लोक जवसाचं तेल लावतात. बांधताना वंगण म्हणून चालतं आणि नंतर सुकून चिकट होतं, निप्पल आपोआप सुटत नाही.

मालवणी_वारा :

जवसाची चटणी माहीत होती. हे नवीन.

पेटीवाला_मिरज :

किराणा दुकानातलं चालेल की रंगाच्या दुकानातलं उकळलेलं?

तेलकट_हात :

रंगाच्या दुकानातलं लवकर सुकतं. मी तेच वापरतो. किराण्यातलंही चालतं, फक्त वेळ लागतो.

सांगलीचा_सदू :

सगळा धागा वाचला. आर्किटाइपबद्दल कुणीच बोललं नाही. दिसायला तीच सगळ्यात देखणी आहे आणि मी तीच घेणार होतो.

घाटवाला_नाशिक :

माझ्या मित्राकडे आहे. आतून १७ मिमी, बाहेरून २३, बांधणी सरळ आणि जोड एकदम सफाईदार. काळी घेतलीत तर ब्रेकच्या पट्टीवरचा काळा थर घासून जातो आणि काही दिवस रिम चट्टेरी दिसते. नंतर पूर्ण चकाकते. पहिल्या पावसात ब्रेक कुरकुरतोही. देखणेपणासाठी घेणार असाल तर हे आधीच माहीत असू द्या. चकचकीत चंदेरीत हा त्रास नाही.

पेडलपंढरी :

सगळ्यांचे आभार. आठवडाभर दुकानांत फोन केले. ठरलं ते असं :

पुढे आर ४६०, मागे आरआर ४११ असममित, दोन्ही ३२ भोकांच्या. पुढे सगळ्या तारा २–१.८–२. मागे उजवीकडे तीच, डावीकडे २–१.५–२. पितळी निप्पल. तीन छेद. डायनॅमो पुढच्या वर्षी बघू, पॉवर बँक घेतली आहे (घाटवाला हसतायत).

तारांची लांबी एका संकेतस्थळावर काढली, पण रिमच्या मापाचे आकडे दोन ठिकाणी दोन वेगळे मिळतायत. कोणता धरू?

तेलकट_हात :

कोणताच नाही. रिम हातात आल्याशिवाय तारा मागवू नका. दोन जुन्या तारा घ्या, त्यांची लांबी नेमकी कापून सारखी करा, प्रत्येकीला निप्पल चढवा. निप्पलच्या खाचेच्या तळाशी तारेचं टोक येईल इतकं फिरवा आणि एक थेंब गोंद टाकून पक्कं करा. मग समोरासमोरच्या भोकांत दोन्ही घालून ताणून धरा आणि मधलं अंतर मोजा. दोन तारांची लांबी अधिक मधलं अंतर, हे तुमचं माप. चार ठिकाणी मोजा, सरासरी काढा. रिम अगदी गोल नसते, मिलिमीटरभर फरक येतो.

दोन्ही रिम वेगळ्या असल्यानं पुढची आणि मागची मापं वेगळी येतील. मागे डावी-उजवी लांबीही वेगळी. म्हणजे एकूण तीन लांब्या. असममित रिमची भोकं कोणत्या बाजूला सरकलेली हवीत तेही आधी बघून घ्या : भोकं डावीकडे, कॅसेटपासून लांब. उलटी लावली तर मायक्रोमीटर यांचं गणित बरोबर उलट्या दिशेनं काम करेल.

हिशोबात अर्धा मिमी आला तर खालचा आकडा धरा. तार लांब झाली तर आटे संपतात आणि निप्पल पुढे जात नाही.

मायक्रोमीटर :

उजवा ताण किती ठेवणार? आरआर ४११ ला बनवणाऱ्यांची मर्यादा १२०० न्यूटनची आहे. त्याच्या आत, ११०० च्या आसपास थांबा. जास्त ताणलं की रिमच्या भोकांभोवती चिरा पडतात.

पेडलपंढरी :

ताण मोजायचं यंत्र पार्क टूलचं आमच्या ग्रुपमध्ये एकाकडे आहे. स्वतः बांधू की बांधून घेऊ हेच ठरत नाहीये. तेलकट_हात, तुम्ही ठाण्यात आहात हे लक्षात आहे माझ्या 😀

तेलकट_हात :

पुढचं चाक तुम्ही बांधा, त्यात डावं-उजवं सारखं असतं, शिकायला सोपं. मागचं घेऊन या. जवसाचं तेल माझ्याकडे आहे.

प्रत्येक लांबीच्या दोन तारा जास्त मागवा आणि मागच्या उजव्या बाजूची एक बाईकच्या फ्रेमला चिकटपट्टीनं बांधून ठेवा. ती तार रस्त्यात बदलायला कॅसेट काढावी लागते, त्यामुळे कॅसेट सोडवायचा पानाही पिशवीत हवा. नाहीतर तार आहे पण घालता येत नाही अशी गत.

पेटीवाला_मिरज :

एक सुधारणा. डावीकडे १.५ ची आणि साठ टक्के ताण, उजवीकडे १.८ ची, असं असेल तर तीव्र मध्यम गेला. बारीक तार कमी ताणातही वर चढते. आता डावीकडचा षड्ज धरलात तर उजवीकडे कोमल रिषभाच्या जवळपास येईल. पेडलपंढरी, ठाण्याला जाण्याआधी भैरव ऐकून जा.

फुकटसल्ला :

सकाळचाच राग आहे. ६०० ची सुरुवात पहाटे असते, सोय झाली.

रॅलेवाले_काका :

मागे ४० भोकांचा हब मिळतो का बघा एकदा.